टाकीवरच्या तीन रेघा

आजरा,
१४ नोव्हेंबर २०२४

चि. तम्मा,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण.

गेल्या रविवारी तू आलास तेव्हा मी परसात भात पाखडत होते. मागे वळले तर हेल्मेट घातलेला माणूस दारात उभा. हातातलं सूप पडलं आणि शेरभर घनसाळ चिमण्यांच्या नावानं गेला. बहिणीच्या घरी यायचं तर माणसानं हाक मारून यावं. चोरासारखं काय यायचं?

दुसरी गोष्ट गाडीची. तू सत्तेचाळीसचा झालास. त्या गाडीवर बसलास की कसा दिसतोस, कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. डबक्याच्या काठावरच्या बेडकासारखा दिसतोस. हनुवटी टाकीवर आणि बाकीचा देह आभाळात. अख्ख्या उद्यमनगरात तुझ्या हातच्या लाकडी पॅटर्नवरून साचे घेऊन फौंड्रीवाले लोखंड ओततात, लोक तुला मिस्त्री म्हणून मान देतात, आणि मिस्त्री रविवारी बेडूक होतात. दानेश्वरी सोशिक आहे म्हणून तुझा संसार चाललाय. मी सोशिक नाही. आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास, तेव्हापासून तुला बोलायचा हक्क माझा आहे.

फोन करू नकोस. सदतीस वर्षं गावचं पोस्ट सांभाळलं, पत्राचं मीठ खाल्लंय. शिवाय माझ्या घरात रेंज येत नाही.

चौदा वर्षं प्रत्येक पत्रात लिहिते, याही पत्रात लिहिते. गाडी विक.

तुझी
आक्का


कोल्हापूर,
२१ नोव्हेंबर २०२४

ती. आक्का,

बेडकाचा साष्टांग नमस्कार.

हाका मी तीन मारल्या. भात पाखडताना ऐकू आल्या नसतील. कानातलं नवं मशीन घालतेस ना? की तेही खोक्यात जपून ठेवलंयस?

आता चोरासारखं येण्याबद्दल. गेल्या वर्षीच्या दिवाळीत तूच लिहिलं होतंस की तुझ्या गाडीनं गल्ली हादरते, शेजारचं पाळण्यातलं पोर उठतं. तेव्हापासून मी मारुतीच्या देवळापाशी इंजिन बंद करतो आणि उतारावरून गाडी तशीच सोडून देतो. वर्ष झालं, तुझ्या दारापर्यंत टायरांच्या आवाजाशिवाय काही येत नाही. निघताना दोनशे किलोंची गाडी ढकलत चढ चढतो. देवळातला गुरव विचारतो, "बंद पडली व्हय मिस्त्री?" मी म्हणतो, व्हय. एवढं करून मी चोर!

विकायचं म्हणतेस, पण चौदा वर्षं ज्याच्याबरोबर काढली ते विकायचं कसं? सुख देते असंही नाही. गावात तिला चालायचंच नसतं. महाद्वार रोडच्या गर्दीत अशी तापते की उन्हाळ्यात मांड्या भाजून निघतात. एक रबरी नळी फुटली तर ती जपानहून यायला तीन महिने. टायर झिजून जात नाहीत, नुसते उभ्या उभ्या वयानं कडक होतात आणि बदलावे लागतात. सिग्नलला थांबलं की शेजारचा काच खाली करून विचारणार, "पावणं, किती देती?" खरं सांगितलं की त्याचंच तोंड कडू होतं. घेतली तेव्हा वाटायचं, आपण तिला चालवतोय. आता वाटतं, तिच्या मर्जीनं राहतोय.

पण तुझ्याकडे यायचा रविवार असतो ना, आक्का, त्या पहाटेला तोड नाही. कागल मागं पडेपर्यंत अंधुक असतं. ऊस तुऱ्याला आलेला, वर धुकं, कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड धूर हेल्मेटात शिरतो. निपाणी सोडून उत्तूरच्या रस्त्याला लागलं की ती मोकळी होते. मग पाच मिनिटं अशी येतात की मी कुठं जात नसतो. मी बसलेला असतो आणि रस्ता, झाडं, डोंगर सगळं माझ्या पोटाखालून वाहत असतं. हात नाही, पाय नाही, वय नाही. त्या पाच मिनिटांवर माझा महिना निघतो.

आणि टाकीवरच्या तीन रेघांचं काय करू? दसऱ्याला गाडी घेऊन पहिल्यांदा तुझ्या दारात आलो, तुझ्या डबीतली विभूती नेमकी संपलेली. तू चुलीतली राख घेतलीस आणि समई घासावी तशा तीन बोटांनी तीन रेघा ओढल्यास. राखेत खरखरीत कच होती. नव्याकोऱ्या निळ्या रंगावर तीन ओरखडे कायमचे उठले. तू लगेच स्वयंपाकघरात पळालीस. मी पाहिलं होतं, तुझं तोंड एवढंसं झालं होतं. मी म्हटलं होतं, राहू दे.

अजून आहेत. उन्हात चमकतात.

तुझा
मृत्युंजय


आजरा,
२ डिसेंबर २०२४

चि. तम्मा,

पत्र पावलं. इंजिन बंद करून येतोस ते माझ्यासाठी, हे माहीत नव्हतं. बरं करतोस. गल्ली शांत असते. फारच शांत असते.

काल तू किती वाजता पोचलास? मी नऊपासून स्वयंपाकघरातच बसून होते. ताटं घासून मांडणीत लावली होती. तू समोर येऊन उभा राहिलास तेव्हाच कळलं.

शेजारचं पोर आता बालवाडीत जायला लागलं. पाळणा माळ्यावर टाकला त्यांनी. हे सहज लिहिलं.

उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडलेली चांगली नसते असं इथला रिक्षावाला सांगत होता. ब्रेक नीट लागत नाहीत म्हणे. तुला जास्त कळतं. मशीन कानात घालते, छान चालतंय.

घनसाळ पाच किलो एसटीतून पाठवलाय. दानेश्वरीला सांग, पाणी बेतानं घाल, नाहीतर वास जातो.

गाडी विक.

आक्का


कोल्हापूर,
१९ जानेवारी २०२५

ती. आक्का,

दीड महिना पत्र नाही, रविवारही चुकले. रागावली असशील. कारण सांगवत नव्हतं.

उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालंय. आधी गाडीवरून उतरल्यावर तासभर व्हायचं, आता तो बधिरपणा जातच नाही. तुला माझं काम ठाऊक आहे. पॅटर्न डोळ्यांनी होत नाही, बोटांनी होतो. सागावरून बोट फिरवलं की कागदाच्या जाडीचा उंचवटा मला कळायचा. गेल्या महिन्यात एका पंपाचा पॅटर्न परत आला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी तो नुसता टेबलावर ठेवला आणि चहा सांगितला.

डॉक्टर म्हणाले, मनगटावर भार टाकून असं वाकून बसणं बंद. दानेश्वरी शेजारी बसली होती. तिनं माझा हात तेवढा हातात घेतला.

म्हणून ठरवलं. मलकापूरचे राजवर्धन म्हणून एकजण आहेत, येत्या रविवारी गाडी बघायला येणार. तू जिंकलीस.

काल पहाटे शेवटचं म्हणून कळंब्यापर्यंत नेली. तलावावर धुकं होतं. काठाला उभी केली, इंजिन बंद केलं. गरम सायलेन्सर टिक्‌टिक्‌ करत निवत होता. मी तिथं दगडावर बसून राहिलो. मग घरी येऊन दुपारी डोळा लागला तर स्वप्नात तीच. तलावाच्या मधोमध पाण्यावर उभी होती, स्टँडशिवाय, आणि टाकीवरच्या तीन रेघा तेवढ्या दिसत होत्या.

विकली की एसटीनं येईन. तुझी गल्लीही सुटली.

मृत्युंजय


आजरा,
लिहिलं २३ जानेवारीला, पेटीत टाकते ३० जानेवारीला

तम्मा,

हे पत्र तीनदा फाडलं. चौथं लिहिलं ते आठवडाभर देव्हाऱ्यात विभूतीच्या डबीखाली ठेवलं. लोकांचं पत्र मी सदतीस वर्षांत एक दिवस अडवलं नाही, स्वतःचं अडवलं.

मला ऐकू येत नाही. कमी येतं असं नाही, येतच नाही. येत्या शिमग्याला तीन वर्षं होतील. मशीन कपाटात आहे, त्याचा काही उपयोग नाही. तू येतोस तेव्हा मी एकसारखी बोलत राहते, म्हणजे तुला काही विचारायला जागाच राहत नाही. "आक्काची बडबड वाढली" असं तू पुटपुटतोस ते तुझ्या ओठांवरून कळतं. घरात रेंज चांगली आहे.

सांगितलं असतं तर तू मला कोल्हापूरला नेलं असतंस. मला हे घर सोडायचं नाही. म्हणून खोटं बोलले, तुला नव्हे रे, सगळ्यांनाच.

ऐकू न येणं म्हणजे विहिरीच्या तळाशी बसून वर बघण्यासारखं आहे. कावळा चोच उघडतो. कुकरची वाफ उडते ती दिसते. शेजारीण कुंपणापाशी हसते. सगळं छान चाललेलं असतं, पण दुसऱ्या कुणाच्या तरी स्वप्नात चालल्यासारखं.

आणि महिन्यातल्या एका रविवारी, साडेनऊच्या सुमाराला, आधी माझ्या तळपायांना कळायचं. फरशी जागी व्हायची. मग मांडणीतलं शेवटचं ताट, आईचं पितळी, कडेला टेकून ठेवलेलं, ते थरथरायचं. मी त्यावर हात ठेवायची. तेव्हा तू हिरण्यकेशीच्या पुलावर असायचास. देवळापाशी वळलास की सगळी ताटं लागायची थरथरायला, आणि मग माझ्या पोटात. वाजायचं, तम्मा, पोटात वाजायचं. तीन वर्षांत मला आलेला आवाज तेवढा एकच. तू दारात येईपर्यंत मी पदरानं डोळे पुसून तयार असायची, भांडायला.

गेल्याच्या आधीची दिवाळी आली आणि गाडी गप्प झाली. मला वाटलं, हेही गेलं. आता पोटानंही ऐकू येत नाही. तुझं नोव्हेंबरचं पत्र वाचून कळलं की, गल्ली हादरते असं मी नुसतं भांडायला लिहिलेलं खरं धरून तू माझ्यासाठी बंद करून येतोस. हसावं की रडावं कळेना. खरं लिहायला हवं होतं तेव्हाच. "बरं करतोस" लिहून मोकळी झाले.

मग चौदा वर्षं "गाडी विक" का लिहीत होते, असं तू विचारशील. लहानपणी तू देखणा होतास. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "पोर किती गोड हाय गं!" मी लगेच म्हणायची, "कसलं गोड, काळतोंड्या हाय नुसता." आणि घरी येऊन गालाला काजळाची तीट लावायची. आता तुझ्या गालावर दाढी आली, तीट कुठं लावू? त्या दसऱ्याला तू गाडी घेऊन दारात उभा राहिलास ना, मला इतका सुरेख दिसलास की मी घाबरले. तेव्हापासून प्रत्येक पत्राच्या शेवटी तीट लावत आले. एका महिन्यात गडबडीत लिहायचं राहिलं आणि त्याच महिन्यात तू निपाणीच्या वळणावर घसरलास. खरचटण्यावर निभावलं, पण नंतर मी कधी चुकले नाही. तू ते खरं धरून बसशील असं वाटलंच नाही. आपल्यातलाच ना तू?

आता तीट बाजूला ठेवून खरं लिहिते. बोटं तुझी आहेत, आणि त्यांच्यावर तुझं सगळं उभं आहे. गाडी द्यावी लागत असेल तर दे. माझ्यासाठी ठेवू नकोस. फक्त देण्याआधी एकदा ये. पुलापासून चालू ठेवून ये, दारापर्यंत. गल्ली उठली तर उठू दे.

आक्का


कोल्हापूर,
९ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तुझं पत्र शनिवारी, १ तारखेला हातात पडलं. मी गाडी घेऊन पिराजी पेंटरकडे निघालो होतो. घाईत खिशात घातलं.

आधीच्या रविवारी राजवर्धन येऊन गेले होते. चांगला माणूस. गुडघे टेकून सगळी गाडी बघितली, चेनला बोट लावून वास घेतला. म्हणाले, "लई जपलीया तुम्ही." मग टाकीवर अंगठा फिरवला. "हे येवढं तीन ओरखडं तेवढं काढून द्या. २ तारखेला न्हेतो." मी हो म्हटलं. हातात हात दिला.

पिराजीनं टाकीभोवती कागदी टेप चिकटवली. पॉलिशचं मशीन चालू केलं, खाली आणलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "पुसू न्हवं मिस्त्री?" मला बघवेना. कुठंतरी नजर न्यायची म्हणून खिशातलं पत्र उघडलं.

उभ्यानं वाचलं. पिराजीनं मशीन बंद केलं. "कोण गेलं काय वो?" म्हणाला. माझा चेहरा तसा झाला असणार.

मी म्हटलं, "न्हाय. टेप काढ."

राजवर्धनना फोन केला. ते चिडले, आणि त्यांचं बरोबरच होतं. "शब्द दिलायसा की! मी हिकडं पेढं वाटून बसलोय!" मी तीट लावल्याचा मजकूर तेवढा वाचून दाखवला. मग म्हणाले, "आमची आई आजून मला 'मुडद्या, जेव की' म्हंती. ठेवा गाडी. आक्कास्नी नमस्कार सांगा." पेढे खाल्लेल्यांना काय सांगणार, ते मी विचारलं नाही.

आता बोटांचं. पिराजीच्या शेजारच्या वर्कशॉपात हँडल बदलून घेतलं. खालचं, रेसचं काढलं आणि उंच बसवलं. पाठ ताठ राहते, मनगटावर भार येत नाही. गाडीचा सगळा रुबाब गेला. कोपऱ्यावरचा पानवाला म्हणतो, "मिस्त्री, आता दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या अडकवा." म्हणू दे. चौदा वर्षं ऐटीत काढली, आता शहाणपणानं काढू. डॉक्टरांनी महिन्यातून एक रविवार दिलाय, वाटेत दोनदा थांबून हात झटकायच्या बोलीवर. आणि चढावर ढकलायचं बंद. मनगट निम्मं त्यानंच गेलं असं ते म्हणाले. करंगळीत मुंग्या येतात आता. मुंग्या येणं चांगलं असतं म्हणे.

तुझा राग आलाय मला. तीन वर्षं तू त्या विहिरीत एकटी बसलीस आणि मी दारात उभा राहून, आक्काची बडबड वाढली म्हणत राहिलो. हा राग मी तोंडावर दाखवीन, ओठ वाचायची गरज पडणार नाही. पण कोल्हापूरला ओढून आणणार नाही. शब्द देतो, आणि हा मोडणार नाही.

एक सांगायचं राहिलं. गाडीच्या मागच्या बाजूला प्लॅस्टिकचं कुबड आहे ना, ते काढलं. त्याच्या जागी बसवायची मागची सीट पहिल्या दिवसापासून माळ्यावर पडून होती, प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. ती बसवली. दानेश्वरी तिची सलवार-कमीज देते आहे, पातळानं जमणार नाही असं तिचं म्हणणं. हेल्मेट मी आणतो.

२३ तारखेला, रविवारी, साडेनऊला. पुलापासून चालू ठेवून येतो.

तम्मा


आजरा,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. तम्मा,

काल तू गेल्यावर लिहायला बसले होते, पण हातांत गाडीची थरथर अजून उरली होती. अक्षर खराब आलं असतं, म्हणून आज.

नऊला मांडणीपुढं पाट टाकून बसले. नऊ पंचवीसला तळपायांना कळलं. ताटावर हात ठेवला. ते माझ्या हाताखाली असं कापत होतं, जसं धरलेलं चिमणीचं पिल्लू कापतं. मग तू देवळापाशी वळलास आणि ते हातातून निसटून खाली पडलं. आईच्या ताटाला पोचा आला. राहू दे.

दारात आले तर सगळी गल्ली बाहेर. गुरव देवळातून खाली आलेला. तू इंजिन बंद केलं नाहीस. मी टाकीवर तळहात ठेवला, तीन रेघांवर, आणि गल्लीसमोर रडले. लाज वाटली नाही.

सलवार घालून सहासष्टाव्या वर्षी मी त्या गाडीवर बसले, हे पोस्टात असते तर तार करून सगळ्या गावाला कळवलं असतं. आंबोलीच्या रस्त्याला काजूची झाडं लागली तोवर मी डोळे मिटूनच होते. मग उघडले. तू लिहिलं होतंस ते खरं आहे. आपण बसलेलो असतो आणि सगळं आपल्याखालून वाहत जातं. कुठं जायचं राहत नाही. फक्त तुझ्यापेक्षा मला एक जास्त मिळालं. तुला ते नुसतं दिसतं, मला ते ऐकू आलं. मांड्यांत, पोटात, दातांत. मी ओरडले बहुतेक. घशाला कळलं.

परत येताना पुलावर तू गाडी हळू केलीस आणि काहीतरी बोललास. माझे हात तुझ्या पाठीवर होते. आधी वाटलं गाडीच आहे, पण गाडी वेगळी आणि तू वेगळा, ते तळहातांना बरोबर कळलं. तुझा आवाज होता तो. तीन वर्षांनी. शब्द मात्र कळले नाहीत.

काय म्हणालास ते लिहून कळव.

आक्का


(कार्ड)
कोल्हापूर,
२८ फेब्रुवारी २०२५

आक्का,

पुलावर मी विचारलं होतं, "आक्का, विकू काय गं गाडी?"

तम्मा


(कार्ड)
आजरा,
४ मार्च २०२५

तम्मा,

येत्या २३ तारखेला, रविवारी, जेवायला ये. पुलापासून चालू ठेवून ये. दानेश्वरीची सलवार धुऊन घडी करून ठेवली आहे, परत मिळणार नाही.

आणि ती गाडी आधी विक, काळतोंड्या.

आक्का